लियाकत बावर्चीचा तुंबा

"एका महिन्यात ह्या गोळ्यांचं पाकीट इरई नदीत नेऊन सोडतो का नाई ते पाहा," असं लियाकत बावर्चीने एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. कनीज तेव्हा कांदे सोलत होती, आणि ती कांदेच सोलत राहिली. नवऱ्याचे निश्चय तिने पुष्कळ पाहिले होते.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत लियाकतचं घर. बिर्याणी आणि डाळ-मटणाचा दालचा करावा तर लियाकतने, असं सगळं गाव म्हणायचं, आणि गाव म्हणायचं थांबलं की लियाकत स्वतः म्हणायचा. मीठ तो मुठीने टाकायचा, मोजून कधीच नाही. बाराशे माणसांची देग असली तरी झाकण उचलून एकदा वास घ्यायचा आणि सांगायचा, "बस, झालं." वीस वर्षांत त्याच्या हातचं मीठ कमी पडलं किंवा जास्त झालं असं कोणी म्हटलं नव्हतं. ही गोष्ट तो ओळख नसलेल्या माणसालाही बसस्टँडवर गाठून सांगायचा.

पण सगळ्या गावाला जेवू घालणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मोठ्या आतड्याला तीन वर्षांपासून सूज होती. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी नळी घालून आतला फोटो काढला आणि आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. लियाकतला ते एखाद्या विलायती खिरीचं नाव वाटलं. अर्थ मात्र गोड नव्हता. शरीराचे राखणदारच आपल्या आतड्यावर उलटले होते, आतून जखमा झाल्या होत्या. वाईट दिवस असला की दहा-दहा वेळा जावं लागायचं, आणि रक्त पडायचं.

ही गोष्ट डॉक्टरबाई सोडल्या तर जगात फक्त दोघींना ठाऊक होती, कनीजला आणि कॉलेजात शिकणाऱ्या त्याच्या मुलीला, निशातला. बाकी कोणाला सांगायची सोयच नव्हती. सुताराचं पोट बिघडलं तर लोक त्याला ताक पाजतात. बावर्चीचं बिघडलं तर त्याच्या देगीकडे पाहतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरबाईंनी चार वेळा सांगितलं होतं. पण डॉक्टरबाई काही चंद्रपूरच्या प्रत्येक लग्नात येऊन ते सांगणार नव्हत्या. म्हणून लियाकत दावतीच्या आदल्या दुपारपासून स्वतः काही खायचा नाही, आणि चूल नेहमी मागच्या भिंतीजवळ मांडायचा. लोक म्हणायचे, लियाकतभाई वारा पाहून जागा निवडतात. वारा कसला! तो संडासचं दार किती पावलांवर आहे ते पाहायचा.

डॉक्टरबाईंनी मागच्या भेटीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या. खाणं सांभाळा, आणि गोळ्या सोडू नका. लियाकतच्या कानाने पहिली ठेवून घेतली आणि दुसरी परत केली. खाणं हा त्याचा प्रांत. त्यातलं त्याला डॉक्टरबाईंपेक्षा जास्त कळत होतं, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

निशात कॉलेजात जंतूंचाच विषय शिकत होती. तिने बापाला समजावलं की माणसाच्या आतड्यात करोडो जंतू राहतात. काही राखण करतात, आतड्याच्या अस्तराला पोसतात. ह्या आजारात त्या भल्या जंतूंची जात-जमात कमी झालेली दिसते. मैदा, साखर, पाकिटातलं खाणं, रोजचं तळलेलं त्यांना मानवत नाही. तऱ्हेतऱ्हेचं साधं अन्न मानवतं, आंबवलेलंही कदाचित मानवत असेल.

"म्हंजे पोटात बी बावर्चीखानाच आहे," लियाकत म्हणाला. "माया इथले चांगले कारागीर काम सोडून गेले, आन् चोरटे तेवढे उरले."

"तसंच समजा अब्बा, पण आधी कारागीर जाते का आधी सूज येते, हे अजून शास्त्रज्ञांलेच पक्कं माहीत नाई. आन्..."

'आन्' ऐकायला लियाकत जागेवर नव्हता. तो चप्पल घालून गल्लीत पोचला होता, कारण चांगले कारागीर कुठे मिळतात ते त्याला आठवलं होतं.

सोमारी धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची. दर महिन्याला चारोळी, हिरडा, मध असं काहीबाही घेऊन चंद्रपूरला यायची आणि लियाकतच्या फिरनीसाठीची चारोळी तिच्याकडूनच यायची. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर मोठी टोपली, आणि खांद्याला एक वाळक्या भोपळ्याचा तुंबा लटकवलेला. तुंब्यात जावा असायचा, म्हणजे कोसरी नावाच्या भरडधान्याच्या पिठाची आंबवलेली पातळ पेज. उन्हात चालताना तिकडची माणसं हीच पितात. त्या दिवशी लियाकतने तिला बाजारात गाठून चारोळीचा भाव न विचारता थेट विचारलं की बाई, तुझं पोट कसं आहे?

सोमारीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "पोट? भूक लागली का बोलते. मंग चूप रायते."

तीन वर्षांत चूप राहिलेलं पोट लियाकतने पाहिलं नव्हतं. त्याला हेव्याने भरून आलं. त्याने तिच्यापाशी असा हट्ट धरला की शेवटी पुढच्या खेपेला तिने घरचा एक जुना तुंबा आणि त्यात विरजणाचा जावा आणून दिला. तिच्या सासूच्या हातचा तुंबा तो. गोळ्या नदीत सोडायचा निश्चय लियाकतने बायकोला सांगितला तो त्याच सकाळी. सोमारीने बजावून सांगितलं की याला साबण लावायचा नाही, नुसतं पाणी फिरवायचं, थोडा जुना जावा तळाशी ठेवून त्यावर नवा ओतायचा. आणि वाटीभरच प्यायचा, कारण शहरी पोटाला सवय नसते.

वाटीभर! बाराशे माणसांचं जेवण करणाऱ्याला वाटीभर हे माप कळतं का? लियाकत सकाळी एक तांब्या प्यायला, दुपारी एक, संध्याकाळी एक. वर कोंड्याच्या भाकरी, कच्च्या भाज्या, बांबूचे कोंब, जे जे जंगलातलं दिसेल ते ते. आणि चौथ्या दिवशी त्याने गोळ्या बंद केल्या. त्याचा विचार सरळ होता. गोळ्या म्हणजे जंतू मारायचं औषध. मग आपण इतक्या लांबून आणलेले नवे कारागीर तेच मारणार. त्या गोळ्या जंतू मारायच्या नसून सूज उतरवायच्या होत्या, हे पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं होतं. पण तो कागद लियाकतने जिऱ्याची पुडी बांधायला वापरला होता.

पहिले दहा दिवस पोट खरंच शांत राहिलं. जुन्या गोळ्यांचा जोर अजून शिल्लक होता, पण श्रेय तुंब्याला गेलं. लियाकतने कनीजला रोज दोनदा आठवण करून दिली की महिना अजून संपायचाय. तुंबा आता त्याच्या कमरेलाच असायचा, दावतीलाही.

इथेच घोटाळा झाला. चंद्रपुरात तुंब्यातून जावा पिणारा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. शहरात तुंबा एकाच कामासाठी ओळखला जातो, सिरोंच्याकडून ताडी आणायला. आणि हे सगळ्यात नीट ओळखून होता तो बिरजू. बिरजू दावतींना जळाऊ लाकडं पुरवायचा आणि स्वतःची ताडी अशाच तुंब्यात ठेवायचा. एका साखरपुड्याच्या दिवशी त्याने लाकडं उतरवताना लांबून पाहिलं की लियाकतभाईने तुंबा तोंडाला लावला, अर्ध्या तासाने पुन्हा लावला, मग चेहऱ्याला घाम फुटला, डोळे लाल झाले आणि माणूस झपाझप मांडवामागे नाहीसा झाला. असं तीनदा झालं. कारण त्या दिवशी गोळ्यांचा जोर संपला होता. पण बिरजूने आपल्या अनुभवाप्रमाणे अर्थ लावला आणि आपलेपणाने चार जणांना सांगितला.

दुपारपर्यंत लियाकत ताडी पितो अशी बातमी होती. अस्रच्या नमाजाला तो मोहाची दारू पितो असं झालं. मगरीबच्या नमाजानंतर तो ती देगीत ओततो असं ठरलं, म्हणूनच तर त्याच्या बिर्याणीची इतकी चटक लागते! ज्यांनी वीस वर्षं बोटं चाटली होती त्यांना आपल्या बोटांची काळजी वाटू लागली.

ह्या सगळ्यात कापरं भरलं ते रईस शेठला. कोळशाच्या ट्रकांचा मोठा धंदा, एकुलती मुलगी फरहत, आठ दिवसांवर तिचं लग्न, आणि जेवण लियाकतकडे. वरात हैदराबादची, म्हणजे बिर्याणीतलं कळणारी माणसं. ह्या दावतीची लियाकत सहा महिने वाट पाहत होता. हैदराबादवाल्यांनी एकदा आपल्या देगीला दाद दिली की मरायला मोकळा, असं तो म्हणायचा. रईस शेठने त्याला घरी बोलावलं. शेजारी मस्जिदीतले वृद्ध हाजीसाहेब बसले होते. मसाले निवडायला आलेल्या बायकांत कनीज आणि निशात आतल्या खोलीत होत्या, मध्ये पडदा. आणि मेजावर, चहाच्या कपांच्या मधोमध, लियाकतचा तुंबा मांडला होता. त्याने चुलीजवळ काढून ठेवला असताना कोणीतरी तो उचलून आणला होता.

शेठने आदराने पण स्पष्ट विचारलं. लियाकत खाली मान घालून उभा राहिला आणि त्याच्या डोक्यात भराभर विचार चालू झाले. खरं सांगावं तर आजार बाहेर येतो. आजारी बावर्चीला देगीजवळ कोण उभं करतं? आणि शराबी बावर्ची? शराबी माणूस तौबा करतो, हाजीसाहेब दुवा देतात, लोक दोन महिने टोमणे मारतात आणि मग विसरतात. शराब सुटते. हा आजार तर जन्माचा, असं डॉक्टरबाईंनीच सांगितलेलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी पाहिली नव्हती, त्याने मान वर केली आणि शांतपणे कबूल केलं.

"हो शेठ. पितो. चूक झाली. आजपासून तौबा."

हाजीसाहेबांचे डोळे भरून आले. इतक्या लवकर तौबा करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी उठून लियाकतच्या खांद्यावर हात ठेवला, शेठने सुस्कारा टाकला, चहा ओतला गेला. सगळं मिटलं होतं! लियाकतची देग वाचली होती.

पण रईस शेठ धंद्यातला माणूस. माल तपासल्याशिवाय त्याला चैन पडेना. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ताडी आहे का मोहाची, म्हणजे तौबा किती मोठी ते कळेल. आता चाखणार कोण? शेठ चाखू शकत नव्हता, हाजीसाहेबांचा तर प्रश्नच नव्हता. दोघांनी लांबून वास घेतला आणि आंबट आहे यावर एकमत झालं. शेवटी दारात लाकडांच्या हिशेबासाठी थांबलेल्या बिरजूला जाणकार म्हणून आत बोलावण्यात आलं. लियाकतने त्याला डोळ्यांनी किती विनवलं! बिरजूला वाटलं, भाऊ लाजून राहिले.

बिरजूने एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्याच्या तोंडावर फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकाचा भाव आला.

"शेठ, ही ताडी नाई. मोहाची बी नाई," तो म्हणाला. "हा तर जावा व्हय. लेकरं पेतेत."

हाजीसाहेबांनी खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला. खोटी तौबा त्यांनी आजवर पाहिली होती, पण खोट्या गुन्ह्याची नव्हती. मग खोटं कशाला बोललास, असं शेठने विचारलं, आणि नेमक्या त्याच क्षणी लियाकतच्या पोटात पीळ पडला. घाम फुटला. तीन वर्षांत तो हा पीळ चांगला ओळखत होता. हा थांबून राहत नाही. त्याने "शेठ, एक मिनिट" म्हटलं आणि त्या आलिशान घरातलं पहिलं दिसलेलं दार उघडून आत शिरला. ते शेठच्या खासगी न्हाणीघराचं निघालं.

तो बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर भिंत धरून उभा राहिला, चेहरा पांढराफटक. शेठ म्हणाला की जावा पिऊन कोणाची अशी अवस्था होत नसते, दुसरं काहीतरी घेत असणार. हे ऐकलं आणि पडदा सरकवून कनीज बाहेर आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"माया नवऱ्याले दारुडा म्हनू नका," ती म्हणाली. "बीमार आहे तो. तीन वर्सापासून रक्त जाते त्याचं. उपाशी राहून तुमची लग्नं रांधते तो."

लियाकतने डोळे मिटले. बायकोने त्याची इज्जत वाचवली होती आणि त्याच वाक्यात त्याची देग बुडवली होती. त्याला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण ती त्याच्यासाठी पडदा सोडून बाहेर आली होती.

रईस शेठ "अल्हम्दुलिल्लाह, शराब नाही" असं म्हणाला खरा, पण त्याची नजर लियाकतच्या हातांवर गेली. हाजीसाहेबांचीही गेली. मग बिरजूने तुंबा हळूच मेजावर ठेवला आणि ओठ पुसले. बापाच्या हातांकडे असं पाहिलेलं निशातला सहन झालं नाही आणि तिनेही बाहेर येऊन समजावायला सुरुवात केली. तिने फार चांगलं समजावलं. हा आजार लागत नाही, भिण्यासारखं काही नाही, जंतू तर सगळ्यांच्याच आतड्यात करोडोंनी असतात. उदाहरणार्थ, शेठ, तुमच्या.

त्या घरात आजवर शेठच्या आतड्याविषयी कोणी बोललेलं नव्हतं. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग विचारात पडला. हाजीसाहेबांनी समोरचा चहा न पिता दूर सारला. निशात जितकं सांगत गेली तितके खोलीतले जंतू वाढत गेले.

"लियाकतभाऊ, तुमी आराम करा," शेवटी शेठ म्हणाला. आवाजात माया होती. "जान हाय तर जहान हाय. लग्नाचं आमी पाहून घेऊ."

इतक्या गोड शब्दांत लियाकतचा हात आजवर कोणी तोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरबाईंनी गोळ्यांची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. त्यांनी सांगितलं की जावा काही विष नाही, भले जंतूही खोटे नाहीत, खाण्याचा आणि ह्या आजाराचा संबंधही खरा आहे. पण आग लागलेल्या घरात नवे भाडेकरू कोणी आणून बसवत नाही. आधी सूज उतरवायची, ती गोळ्यांनी. आतडं सुजलेलं असताना कोंडा आणि कच्चं त्यावर घासायचं नाही. लियाकत हे सगळं ऐकत होता, आणि ह्या वेळी दोन्ही वाक्यं त्याने ठेवून घेतली. पण त्याचं लक्ष तारखेकडे होतं. तो अजून तिथेच पडून होता आणि आठवड्याने फरहतचं लग्न चंद्रपुरात लागलं.

बावर्ची दुसऱ्या गावाहून आणला होता. मे महिन्याचं चंद्रपूरचं ऊन, आणि रायत्याचं दही सकाळपासून बाहेर. हैदराबादची अर्धी वरात आणि घरची बरीच माणसं दोन दिवस न्हाणीघरासमोर रांगेत उभी होती. तेव्हा गावाने विचार केला आणि दोष शोधून काढला. दही नाही, ऊन नाही. लियाकत त्या दिवशी शेठच्या न्हाणीघरात गेला होता ना? तिथूनच ती बीमारी पसरली! तो नागपुरात सलाईन लावून पडला होता, हे सांगायला गेलेल्या कनीजला लोकांनी मध्येच थांबवलं आणि जरा लांब उभं राहायला सांगितलं.

लियाकत घरी आला तेव्हा पुढची ठरलेली तीन लग्नं हातची गेली होती. देगी अंगणात पालथ्या पडल्या होत्या. आठवड्याने रईस शेठचा फोन आला. माफी मागायला असेल असं वाटून लियाकतने कनीजला खूण केली. शेठ इकडचं तिकडचं बोलला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की पोट अजून धरत नाही, ते तुंब्यातलं थोडं मिळेल का? बिरजू सांगत होता की त्याचं पोट त्या दिवसापासून एकदम साफ आहे. लियाकत म्हणाला, डॉक्टरला दाखवा, आणि तरी हवाच असेल तर वाटीभर करून पाठवतो.

पलीकडे शेठ घुटमळला. "भाऊ, वाईट नका मानू. बाईच्या हातानं बनवून पाठवा."

कनीजला पाठवायचा नव्हता. लियाकतनेच पाठवला. मागितलेलं अन्न नाही म्हणायची त्याच्या हाताला सवय नव्हती. विरजणासकट तुंबाच दिला, आणि बिरजूजवळ निरोप दिला की याला साबण लावू नका.

चौथ्या दिवशी तुंबा प्लास्टिकच्या थैलीत बांधून परत आला. साबण लावलेला नव्हता. फिनेलने धुतला होता, आतून बाहेरून, दोनदा. लियाकतने झाकण उघडून वास घेतला. देगीतलं मीठ वासावर ओळखणारं ते नाक त्याने बराच वेळ तुंब्यात घालून ठेवलं.

सोमारी आली तेव्हा त्याने तुंबा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने वास घेतला आणि सासूचा तुंबा मांडीवर घेतला. लियाकतला वाटलं, आता ही पण उठून जाईल.

"गोळी काऊन सोडली?" तिने एकदम विचारलं. "म्या सांगतलं का?" आणि लुगड्याच्या गाठीतून तिने आपलं ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. गावातल्या नर्सबाईने दिलेलं. एक दिवस चुकवलेला नव्हता.

पाकीट परत गाठीत बांधून ती म्हणाली, "भूक लागली. काय रांधलं?"

घरात होता तो त्याच्या पथ्याचा मऊ भात आणि पातळ मुगाची डाळ. तीन आठवड्यांत त्याच्या हातचं कोणी मागितलं नव्हतं. लियाकतने स्वतः उठून ताट वाढलं, बाराशे माणसांच्या मांडवात वाढावं तसं, आणि समोर हात बांधून उभा राहिला. सोमारीने त्याच हातांतून ताट घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय," सोमारी म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.